गावात पहिला कॉम्प्युटर घेताय? आधी आठ दिवस वही लिहा

दिवाळीनंतर कापसाचा पैसा हाती आला, की आमच्या आर्वीकडच्या गावांत दोन-तीन घरी तरी कॉम्प्युटरचा विषय निघतोच. कुणाची मुलगी बारावीला असते, कुणाला बचत गटाचा हिशेब नीट मांडायचा असतो, कुणाला गावात सेवा केंद्र टाकायचं असतं. मग मला फोन येतो, "ताई, कोनता घेऊ? एकच नाव सांग ना!" तालुक्याच्या ठिकाणी गेली पंधरा वर्षं मी कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा झालाय. पण नाव मी सांगत नाही. आधी वही आणायला सांगते.

कारण माझ्याच घरात बघा. मला साडेबारा इंची छोटा लॅपटॉप लागतो, कडक बटणांचा वेगळा कीबोर्ड लागतो, आणि आत लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली. माझ्या भावाला चोवीस इंची मॉनिटर हवा, मोठा माऊस हवा आणि टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी विंडोज. मला त्याच्या टेबलावर बसवलं तर माझं काम निम्म्यावर येतं, आणि माझ्या लॅपटॉपवर त्याचे डोळे दुखतात. दोघांचंही बरोबर आहे. कामं वेगळी, डोळे वेगळे, बोटं वेगळी. जे यंत्र आपल्या कामाला आणि शरीराला जुळत नाही, त्यावर सहा महिन्यांत कापड पडतं. असे झाकून ठेवलेले कॉम्प्युटर मी गावोगावी बरेच पाहिलेत, आणि त्यातल्या एकाही घरात पैसा सहज आलेला नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पायरी पहिली: वही

शंभर पानी साधी वही घ्या. आठ दिवस, जेव्हा जेव्हा वाटेल की "हे काम कॉम्प्युटरवर झालं असतं", तेव्हा एक ओळ लिहा. वेळ, काम, आता ते कसं केलं, आणि त्या वेळी लाइन, म्हणजे वीज, होती का. एवढंच.

आमच्या ओळखीच्या एका गटाच्या सचिव वहिनींनी लिहिलेल्या तीन ओळी त्यांना विचारून इथे देते:

"सोमवार, दुपारी ३. गटाचा हिशेब मोबाइलवर. आकडे बारीक दिसतात. ४ ला लाइन गेली."

"बुधवार, रात्री ९. पोराले इंग्रजी कविता ऐकवली. आवाज कमी येते."

"गुरुवार. सातबारा काढाले आर्वीले गेलो. अर्धा दिवस अन् बसचं भाडं."

या तीन ओळींत त्यांचा कॉम्प्युटर जवळजवळ ठरला. पडदा मोठा हवा, पंधरा इंचाच्या खाली नको. लाइन गेल्यावरही चालायला हवा, म्हणजे लॅपटॉप. स्पीकर बरा हवा, किंवा शे-दोनशेचा बाहेरचा जोडायचा. व्हिडिओ एडिटिंग नाही, गेम नाही, म्हणजे महागडं ग्राफिक कार्ड नको. दुकानदारानं त्यांना गेमिंगचा लॅपटॉप दाखवला तेव्हा त्यांनी वही काढून बघितली आणि नको म्हणाल्या.

आठ दिवसांनी वहीच्या मधल्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे "याच्याशिवाय जमणार नाही", उजवीकडे "असलं तर बरं". डावीकडे पाचपेक्षा जास्त गोष्टी झाल्या तर पुन्हा वाचा. त्यातल्या एक-दोन शेजाऱ्याच्या असतात, आपल्या नसतात.

पायरी दुसरी: लाइन आणि ऊन

शहरातले लेख वाचून यंत्र घेणारे इथे चुकतात. आपल्याकडे यंत्राला आधी वीज सोसावी लागते, मग उन्हाळा, मग धूळ.

विजेपासून सुरुवात करू. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या, की बल्ब पिवळा पडतो हे आपण सगळे बघतो. लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत "इनपुट १००-२४०" असं छापलेलं असतं. म्हणजे व्होल्टेज खूप उतरलं तरी तो काम करत राहतो. डेस्कटॉपच्या स्वस्त एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीज देणाऱ्या डब्यावर, हा पल्ला बराच अरुंद लिहिलेला असतो. गावात पहिलं यंत्र म्हणून मी लॅपटॉपकडे झुकते, त्याचं मोठं कारण हेच.

तरी डेस्कटॉपच हवा असेल, आणि केंद्र चालवायचं तर तो चांगलाच, तर यूपीएस, म्हणजे लाइन गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा डबा, त्याच दिवशी घ्या, पुढच्या महिन्यात नको. ६०० व्हीएचा साधा यूपीएस असतो, त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-अवर. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून साधारण १०० वॉट घेतात. कागदावर पाऊण तासाच्या वर दिसतं, पण एवढा जोर एकदम काढला की बॅटरी पूर्ण देत नाही, काही वीज रूपांतरातही जाते. प्रत्यक्षात नवी असताना पंधरा-वीस मिनिटं धरा. एवढ्यात काम सेव्ह करून बंद करायचं. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, तो खर्च आताच वहीत लिहून ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे "यूपीएस" असं लिहिलेलं एक बटण अनेकदा असतं. ते त्या बाजूला ठेवा, नाही तर लाइन जाता क्षणी इन्व्हर्टर वीज द्यायला उशीर लावतो आणि कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो.

अर्थिंग बघा. लोखंडी कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही किंवा सुकलंय. वायरमनला बोलवा, स्वतः तार घालत बसू नका. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत त्यात पाणी ओतत जा. जमीन कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग नावालाच उरतं. आणि मृगाच्या आधी वळवाचे ढग गडगडायला लागले, की प्लग बाहेर ओढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरला बाहेरून वायर येत असेल तर तीही काढा.

आता ऊन. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात वर्धा, अकोला, चंद्रपूर ४५ ओलांडतात. टिनाच्या खोलीत दुपारी यंत्र चालवलं तर प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग आपण म्हणतो की "हँग झाला". उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते दहा, नाही तर रात्री. जागा मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओली हवा आणि पाण्याचे बारीक तुषार आत जाऊन सर्किटवर पांढरे डाग धरतात. कूलर खोलीत असू दे, यंत्र बाजूला असू दे. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवा बंद होते. दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवला तरी पुरतं. बॅटरीला उष्णता सोसत नाही. सतत चार्जरवर चालवत असाल आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल, तर ती चालू करा.

धुळीबद्दल एकच सांगते, पण ते ऐका. कापूस घरात भरलेला असतो तेव्हा त्याचा बारीक रुवा पंख्यात जाऊन नमद्यासारखा बसतो. वर्षातून दोनदा, कापूस विकून झाला की आणि होळीच्या सुमारास, मागचं झाकण उघडून मऊ ब्रशनं तो काढा. पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा, गरगर फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका. तिचा दाब फार असतो आणि तिच्यात पाणीही असतं.

पायरी तिसरी: यंत्र हातात घेऊन बघा

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी शहरातल्या एका दुकानातून जुना लॅपटॉप आणला. दुकानदारानं सांगितलं, "आय फाइव्ह आहे, काळजी नको." काकाजींनी मोठ्या अभिमानानं माझ्यासमोर ठेवला. मी सेटिंग उघडून प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचलं: आय फाइव्ह ६३००यू. "आय फाइव्ह" हे आडनाव झालं. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ६३०० म्हणजे सहावी, ८३५० म्हणजे आठवी, ११३५ म्हणजे अकरावी. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते आठव्या पिढीपासून पुढे, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते ती वेगळी. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ही गोष्ट काकाजींना कुणी सांगितली नव्हती. यंत्र तसं मजबूत होतं, कंपन्यांमध्ये वापरून निघालेलं. आम्ही त्यावर लिनक्स मिंट टाकलं आणि मुलगी त्यावर अभ्यास करते आहे. पण विंडोजच लागणारं काम असतं तर ते पैसे अडकले असते. म्हणून दुकानात पूर्ण नाव कागदावर लिहून मागा.

जुनं घेऊ का, असं विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: बजेट कमी असेल तर नव्या तकलादू लॅपटॉपपेक्षा कंपनीतून निघालेला जुना बरा. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे. त्यांचं झाकण, बिजागरी, कीबोर्ड दणकट असतो, आणि अनेकांची रॅम, डिस्क बदलता येते. नागपुरात सीताबर्डीला गेलात तर घाई करू नका. खुर्ची मागा, वीस मिनिटं बसा, आणि हे करा.

एक पानभर मजकूर टाइप करा. प्रत्येक बटण दाबलं जायला हवं, आणि बोटांना ते आवडायलाही हवं. काहींना मऊ, न वाजणारी बटणं आवडतात. मला खोल दबणारी लागतात, नाही तर चुका वाढतात. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, बोटांनाच विचारावं लागतं. मग पडदा घेऊन दुकानाच्या दाराशी उजेडात या. चकचकीत पडद्यात स्वतःचा चेहरा दिसेल. तुम्ही ओसरीत बसून काम करणार असाल तर मॅट पडदाच घ्या. मान थोडी डावी-उजवी करून बघा, रंग उलटेपालटे झाले तर पॅनेल स्वस्तातलं आहे. झाकण हळू उघडा, बिजागरी कुरकुरते का बघा. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून वायफाय तपासा, कॅमेरा, माइक, प्रत्येक यूएसबी. मशीन पुन्हा सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन दाखवायला सांगा. तिथे पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल तर ते यंत्र तिथेच ठेवून उठा. बॅटरीचा रिपोर्ट काढून मागा. त्यात "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी" असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून बोला.

आत काय असावं? रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी स्मृती, ८ जीबी. ४ जीबीचं घ्यायचं झालं तर वाढवायला जागा आहे का ते विचारून, आणि रॅमची जात डीडीआर ३ आहे की ४ हे लिहून घेऊन, कारण एकाची दुसऱ्यात बसत नाही. साठवणीला एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, २५६ जीबी पुरे. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. आणि बारीक बारीक फायली उघडताना फरक याहूनही मोठा जाणवतो. घरात जुना, रडत-कुंथत सुरू होणारा लॅपटॉप पडलेला असेल, तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी टाकून बघा. मी हे कितीतरी घरी केलंय, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नवीन घ्यायची गरजच उरली नाही.

प्रिंटर आताच घेऊ नका. वहीत "प्रिंट" हा शब्द आठवड्यातून चार-पाचदा आला असेल तरच. रोज न वापरलेल्या शाईच्या प्रिंटरची शाई आपल्या उन्हाळ्यात नोझलमध्ये सुकते. काळा-पांढरा लेझर पडून राहिला तरी चालतो.

पायरी चौथी: विंडोज की लिनक्स

आधी कामावरून ठरतं, मग आवडीवरून. टॅली लागत असेल, डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, बोटांचे ठसे घेणारं यंत्र जोडायचं असेल, तर विंडोज घ्या. त्यांचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठीच बनतात, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना प्रयोग करायचे नसतात. मात्र लायसन्स खरं घ्या. दुकानात फुकट "टाकून दिलेलं" विंडोज ज्या अ‍ॅक्टिव्हेटरनं चालू केलेलं असतं, त्यातून व्हायरस येतो, आणि त्याच यंत्रावर आपण बँक उघडतो. सेटिंगमध्ये "अ‍ॅक्टिव्हेशन" हे पान उघडून दुकानातच बघा.

बाकीच्यांना, म्हणजे अभ्यास, हिशेब, पत्रं, नेट, व्हिडिओ एवढंच असणाऱ्यांना, मी लिनक्स मिंट करून बघायला सांगते. नुसतं बघायला. तालुक्याला चांगल्या वायफायवर त्याची तीनेक जीबीची फाइल उतरवून घ्या, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा एचर या फुकट प्रोग्रॅमनं लिहा. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना डेल, लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९ दाबत राहा, यादीतून पेनड्राइव्ह निवडा. संपूर्ण मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, आतल्या विंडोजला हात लागत नाही. पडद्यावर "इन्स्टॉल" असं एक चिन्ह दिसेल, ते मात्र दाबायचं नाही. दोन दिवस वहीतली कामं त्यावर करा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, छापता येतं का. जुन्या यंत्राला त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या; ४ जीबी रॅमवर ती सुखात चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे काही वर्षं निश्चिंती.

दोन दिवसांनी मन रमलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, विषय संपला. मला मिंट आवडतं कारण ते अपडेट कधी घ्यायचं हे मला विचारतं. माझ्या भावाला विंडोज आवडतं कारण अडलं तर आर्वीत दहा जण सांगणारे भेटतात. हेही कारण खरंच आहे, त्याला कमी लेखू नका.

हिशेब, पत्रांसाठी दोन्हीकडे लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. सचिव वहिनींनी मेनू मराठी केले, दोन दिवस वापरले आणि पुन्हा इंग्रजी केले, कारण बँकेतला मुलगा फोनवर इंग्रजी नावं सांगायचा. त्यांची मुलगी मराठीच वापरते.

पायरी पाचवी: मराठी कसं टाइप करायचं

इथे वेळ द्या. पहिल्या महिन्यात जी सवय लागेल तीच वर्षानुवर्षं राहते.

तीन वाटा आहेत. पहिली फोनेटिक: इंग्रजी अक्षरांत "kapus" लिहायचं आणि मराठीत "कापूस" उमटतं. विंडोजमध्ये "मराठी फोनेटिक" आतच आहे. अर्ध्या तासात जमतं, म्हणून ज्यांना आठवड्यातून एखादं पत्र लिहायचंय त्यांनी हीच घ्यावी. दुसरी रेमिंग्टन: ज्यांनी टाइपरायटरचा क्लास केलाय त्यांच्या बोटांत ती आहेच, त्यांनी सोडू नये. तिसरी इनस्क्रिप्ट, भारतीय लिप्यांसाठी सरकारनं प्रमाण ठरवलेली. माझा जीव या तिसरीवर आहे, का ते दाखवते.

इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आणि स्वर, काना-मात्रा डाव्या हाताला. "कापूस" लिहा: के दाबलं की क, ई दाबलं की काना, एच म्हणजे प, टी म्हणजे दीर्घ ऊकार, एम म्हणजे स. उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. बोटं चालायला लागली की जात्यावर दोघींनी दळावं तसा ठेका धरतो. आता "विदर्भ": बी, एफ, ओ, जे, डी आणि शिफ्टसह वाय. यातला डी म्हणजे हलन्त, पाय मोडायचं बटण. र लिहिला, पाय मोडला, भ लिहिला, रफार आपोआप वर चढतो. जसं उच्चारतो त्याच क्रमानं टाइप होतं. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसलं की कीबोर्डकडे बघावं लागत नाही. बटणांवर देवनागरीचे स्टिकर मिळतात, पण ते पहिल्या आठवड्यापुरतेच. नंतर काढा, नाही तर नजर खालीच राहते.

आणखी एक. सगळ्या भारतीय लिप्यांना इनस्क्रिप्टची बटणं तीच असतात. सिरोंच्याकडच्या एका विद्यार्थ्याला घरी तेलुगू लिहायचं होतं. त्यानं भाषा बदलून के दाबलं, तर तेलुगूतला क आला. पुढचं त्यानं स्वतःच केलं.

आता एक अक्षर जवळून बघू. "शेतकऱ्यांना" हा आपल्याकडे रोज लागणारा शब्द. यातला तो अर्धा, वाकडा र साध्या र चा पाय मोडून येत नाही. तसं केलं तर "शेतकर्यांना" होतं, र्य होतो, आणि नंतर शोधताना तो कागद सापडत नाही. त्यासाठी वेगळा ऱ आहे: इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग य. "दुसऱ्या", "तिसऱ्या", "वऱ्हाड" सगळे याच ऱ नं. ग्रामपंचायतीचे अर्ज मी वाचते तेव्हा ही एक चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि सुधारायला एक मिनिट लागतं.

फाँटबद्दल सावध राहा. लग्नपत्रिका छापणारे अजून कृतिदेव, श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये काम करतात. तिथून आणलेली फाइल तुमच्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नसतो. तुम्ही सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहा. मंगल, मुक्त, यशोमुद्रा, नोटो, कुठलाही घ्या. मला वाचायला मुक्त आवडतो. जोडाक्षरं सुटसुटीत दिसतात आणि आकार थोडा वाढवला की रात्री डोळ्यांवर ताण येत नाही. तुम्ही तोच परिच्छेद चार फाँटमध्ये लावा, छापा, आणि घरातल्या वयस्कांना वाचायला द्या. त्यांना जो लवकर वाचता येईल तो निवडा.

सरकारी लिपिकाच्या परीक्षेसाठी तयारी करत असाल, तर मराठीला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. त्या परीक्षेत कोणता कीबोर्ड चालतो हे जाहिरातीत आधी वाचा आणि पहिल्या दिवसापासून तोच धरा. इथे आवड बाजूला.

पायरी सहावी: बारीकसारीक सेटिंग

एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन दिवस राहू द्या, मग वहीत लिहा: ठेवलं की परत केलं. एकदम दहा गोष्टी बदलल्या की कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं, ते कळत नाही.

सुरुवात अक्षराच्या आकारापासून. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १२५ टक्के करून बघा. चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांना तेच बरं वाटतं, पण चष्म्याचा नंबर वाढलाय असं समजून ते गप्प बसतात. काळा पडदा, पांढरी अक्षरं काहींना आवडतात; उजेडाच्या ओसरीत ती नीट दिसत नाहीत, रात्रीच्या खोलीत दिसतात. टचपॅडवर दोन बोटं ओढल्यावर पान वर जावं की खाली, हेसुद्धा आपल्या हातात आहे. डाव्या हाताच्या लोकांनी माऊसची बटणं उलटी करून घ्या. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, त्यांचा माऊस सारखा दोनदा क्लिक व्हायचा. डबल क्लिकचा वेग सगळ्यात हळू केला, मग त्यांनी नातवाला पत्र पूर्ण केलं.

डेटा वाचवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विंडोज चालवत असाल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू करा, नाही तर दिवसाचा दीड जीबी अपडेटच खाऊन टाकतं. महिन्यातून एकदा चांगल्या वायफायवर नेऊन अपडेट मात्र करा. ब्राउझर मी फायरफॉक्स वापरते, त्यात यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती अडतात, पानं हलकी होतात. क्रोमला त्याची मूळ आवृत्ती आता चालत नाही. तरी एखादं सरकारी पान फायरफॉक्समध्ये अडलं तर दुसरा ब्राउझर हाताशी असू द्या.

पायरी सातवी: नक्कल

बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या. पेनड्राइव्हवर भरवसा नको, तो हरवतो आणि न सांगता मरतो. दर पंधरा दिवसांनी, आमच्याकडे बाजाराच्या दिवशी, हिशेब, फोटो, दाखले त्यावर उतरवा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे, नणंदेकडे, कुठेही. यंत्राच्या शेजारी ठेवलेली डिस्क त्याच विजेनं जळते आणि त्याच चोराबरोबर जाते. महत्त्वाचे दाखले ईमेलवरही स्वतःलाच पाठवून ठेवा. उतरवल्याची तारीख त्याच शंभर पानी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, आणि तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून बघा.